तीस-तीसचा आकडा कुठून आला?

वर्धा शहराला लागून सावंगी (मेघे) आहे. तिथलं शरद पवार दंत महाविद्यालय १९९१ सालचं. शहराच्या दुसऱ्या अंगाला सेवाग्राम, आणि तिथं डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय. त्यामुळे वर्ध्यात चहाच्या टपरीवर कापसाच्या भावासोबत 'सिनॉप्सिस', 'एथिक्स', 'गाइड' हे शब्दही सहज कानावर पडतात. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण, तीन वर्षांचं. सुरुवातीच्या सहा महिन्यांत संशोधनाचा आराखडा द्यायचा, म्हणजे सिनॉप्सिस, आणि शेवटच्या परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध. दाढ काढायला जेमतेम हात बसू लागलेला असतो, तेवढ्यात आयुष्यातला पहिला संशोधन आराखडा लिहायची वेळ येते.

खालचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले दोघं कुणी एक-दोन खरी माणसं नाहीत, म्हणून त्यांना नावंही दिली नाहीत. ती हिंगणघाटकडच्या शेतकरी घरातली, ओरल मेडिसिनला पहिल्या वर्षात शिकणारी. सर जनआरोग्य दंतशास्त्राचे, निवृत्तीला आलेले. विषय विदर्भाचा ठेवणीतला : तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड न उघडण्याचा आजार, म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस.

ती : सर, सिनॉप्सिस आणलाय. दोन गट आहेत. एकाला गालात हायल्युरोनिडेज आणि डेक्सामेथासोनची इंजेक्शनं, दुसऱ्याला लायकोपीनच्या गोळ्या. सहा महिन्यांनी तोंड किती उघडतं ते मोजायचं. पेशंट तीस-तीस.

सर : तीस कुठून आले?

ती : सीनियरच्या थिसिसमध्ये तीस होते.

सर : आणि सीनियरकडे?

ती : त्यांच्या सीनियरकडून आले असतील. सर, खरं बोलू का? राग नका मानू. मी इथं हात तयार करायला आले. ओपीडीत रोज तोंड न उघडणारे पेशंट येतात, त्यात विशी-पंचविशीतली पोरं असतात. त्यांना बरं कसं करायचं ते मला शिकायचंय. थिसिस हा सोपस्कार आहे. लायब्ररीत जाऊन बघा, काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं, कपाटंच्या कपाटं. कोणी उघडतं का ते? जो तो आपला तीस-तीसचा अभ्यास करतो, निष्कर्षात 'मोठ्या नमुन्यावर पुढील अभ्यासाची गरज आहे' असं लिहितो आणि क्लिनिक थाटतो. प्रत्येकाने संशोधक व्हायलाच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

सर : तक्रार जुनी आहे, आणि बरोबर आहे. डग्लस ऑल्टमन नावाचे मोठे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच मांडलं होतं, की वैद्यकातलं पुष्कळसं संशोधन वाईट होतं, कारण ते करियरसाठी केलं जातं. कमी करा, पण नीट करा, असा त्यांचा आग्रह होता.

ती : मग झालं तर!

सर : झालं कुठे? थिसिस वाईट होतात म्हणून नकोत, असं तू म्हणतेस. मी म्हणतो, वाईट होतात ते आराखड्याच्या दिवशीच. पुढची अडीच वर्षं तो वाईटपणा नुसता इमानदारीने पार पाडला जातो. आणि त्यात तुझं काही जात नाही, जातं पेशंटचं. फायब्रोसिस झालेला गाल कसा लागतो बोटाला?

ती : कडक. दोरीसारखे पट्टे लागतात.

सर : त्या पट्ट्यांत आठवड्यातून एकदा-दोनदा सुई घालणार तू. आर्वीहून एसटीने येणाऱ्या माणसाची मजुरी बुडवून घालणार. आणि इतकं करून कोणता उपचार बरा हे कळणारच नसेल, तर त्याच्या गालाला भोकं कशासाठी पाडली?

ती : तिसांत कळणार नाही असं कशावरून?

सर : कागद घे. तोंड किती उघडतं यात माणसामाणसांत फरक असतो. समज, त्या फरकाचं प्रमाण विचलन ५ मिलिमीटर आहे. आता सांग, दोन उपचारांत किती मिलिमीटरचा फरक पडला तर तू एक सोडून दुसरा धरशील?

ती : ...तीन?

सर : तीन. हा आकडा पुस्तकात नसतो, पेशंटच्या ताटात असतो. भाकरीचा घास जातो की नाही, यावरून तो ठरतो. आता ढोबळ सूत्र : विचलनाचा वर्ग गुणिले सोळा, भागिले फरकाचा वर्ग. पंचवीस गुणिले सोळा म्हणजे चारशे. भागिले नऊ.

ती : चव्वेचाळीस आणि वर थोडं. म्हणजे एका गटात पंचेचाळीस.

सर : इतके घेतले तर खरा फरक असताना तो सापडण्याची शक्यता ८० टक्के. आणि तेही सगळे शेवटपर्यंत आले तर. चौथा हिस्सा गळाला असं धर.

ती : मग सुरुवातीलाच साठ घ्यावे लागतील. दोन गट मिळून एकशे वीस.

सर : आणि फरक दोनच मिलिमीटरचा शोधायचा असेल तर?

ती : चारशे भागिले चार. गळती सोडून एका गटात शंभर!

हे सूत्र ढोबळ आहे, पण खोटं नाही. दोन गटांच्या सरासरीची तुलना करायची असेल तर पहिल्या अंदाजाला ते पुरतं. मला त्यातली खरी गंमत वेगळीच वाटते. आकडा संख्याशास्त्र्याकडून येतो असा समज असतो, पण त्याची चावी डॉक्टरच्या हातात असते. किती फरक पडला तर फरक म्हणायचा, हे संख्याशास्त्रज्ञ सांगू शकत नाही.

सर : आता महिने मोज.

ती : छत्तीस. आराखडा आणि एथिक्स कमिटीत सहा गेले, परीक्षेआधीचे सहा गेले. उरले चोवीस. लिहायला चार ठेवले तर वीस. शेवटच्या पेशंटलाही सहा महिने बघायचं, म्हणजे भरती करायला चौदा. चौदा महिन्यांत एकशे वीस... महिन्याला आठ-नऊ. सर, एवढे तर येतातच ओपीडीत.

सर : येतात. पण तुझ्या निकषात बसणारे, आधी कुठे इंजेक्शन न घेतलेले, हो म्हणणारे आणि सहा महिने येत राहणारे किती? रजिस्टर काढून मोजलंस?

ती : नाही.

सर : आणि भरती कधी सुरू होणार?

ती : ऑगस्टपासून धरलीय.

सर : शेतकऱ्याची पोरगी ना तू? ऑक्टोबरात काय असतं?

ती : सोयाबीनची काढणी. मग शेतात सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी... लागली की संक्रांतीपर्यंत कोणी हलत नाही घरून. म्हणजे माझे निम्मे फॉलोअप वेचणीत अडकणार!

सर : 'पेशंट अनियमित आहेत' असं लिहितात प्रबंधात. पेशंट अनियमित नसतो बेटा, त्याचं कॅलेंडर वेगळं असतं. ज्याने आराखडा केला त्याने ते पाहिलेलं नसतं.

ती : बरं, हे सगळं मान्य. पण आता माझं ऐका. एकशे वीस पेशंट एका पोरीला जमत नाहीत. मग दोष माझा की नियमाचा? टाटा मेमोरियलचा अभ्यास घ्या. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी आधीच काढायच्या की नंतर वाढल्या तर काढायच्या? डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं लावली, ५९६ पेशंट घेतले. पहिल्या पाचशेंच्या निकालात तीन वर्षांनी जगलेले ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं आणि प्रश्न बऱ्यापैकी मिटला. त्रिवेंद्रमचं घ्या. १९९६ पासून तेरा भाग पाडून त्यातल्या काहींत गावंच्या गावं तपासली, बाकीच्यांत नाही. नुसतं तोंड डोळ्यांनी बघितलं, तरी तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हे २००५ साली दाखवलं. ही कामं एकट्याची नाहीत. आणि आमच्याकडे नियम असा, की प्रत्येकाचा विषय वेगळा, शीर्षक वेगळं, पेशंट वेगळे. आम्ही बॅचमधल्या चौघींनी मिळून एकच प्रश्न का घेऊ नये? वर्धा, नागपूर, अमरावती अशा तीन-चार कॉलेजांनी एकच आराखडा का वापरू नये? एकशे वीस काय, पाचशे होतील.

सर : परीक्षक विचारेल, यात तुझं काय?

ती : हेच! परीक्षकाला माझं काय ते पाहिजे, पेशंटचं काय ते नको.

सर : ...हे चुकीचं नाही बोललीस. पण विद्यार्थ्याला सगळा आराखडा आयता मिळाला तर तो शिकेल काय? फक्त फॉर्म भरायला शिकेल.

ती : आता तरी काय शिकतो? तीस-तीस कॉपी करायला.

इथं सर थोडे अडले. माझं मत विचाराल तर मुलगी बरोबर आहे. एकत्रित प्रबंधाला जागा करून दिली, प्रत्येकाने त्यातला एक स्वतंत्र उपप्रश्न सांभाळला, तर शिकणंही होईल आणि उत्तरही मिळेल. पण नियम बदलेपर्यंत या वर्षीच्या सिनॉप्सिसचं काय, हा प्रश्न उरतोच.

सर : बरं, नियम बदलेल तेव्हा बदलेल. एकटीने जमेल असा प्रश्न नाहीच का? सेवाग्रामचं एक काम सांगतो. २००४ साल. मधुकर पै तेव्हा अमेरिकेत बर्कलीला पीएचडीचे विद्यार्थी होते. विद्यार्थी, लक्षात घे. त्यांनी आणि सेवाग्रामच्या डॉक्टरांनी कस्तुरबा रुग्णालयातल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या छुप्या संसर्गासाठी दोन चाचण्यांनी तपासणी केली. एक जुनी, हातावर टोचायची ट्युबरक्युलिन. दुसरी नवी, रक्ताची. प्रश्न एवढाच, की दोन्ही चाचण्या एकच उत्तर देतात का? ना औषध, ना सहा महिन्यांचा फॉलोअप. दोन्हींचं बऱ्यापैकी जुळलं आणि साधारण चाळीस टक्के कर्मचाऱ्यांत संसर्ग निघाला. हे २००५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या वर्ध्यातून.

ती : सातशे सव्वीसही माझ्या आवाक्यात नाहीत.

सर : आकडा सोड, प्रश्नाची घडण बघ. 'कोणतं औषध बरं' याऐवजी 'आपलं माप खरं आहे का' असं विचारलं त्यांनी. तू तोंड कशाने मोजणार?

ती : व्हर्नियरने. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत.

सर : मधला दात पडलेला असेल तर? झिजलेला असेल तर? 'पूर्ण उघडा' म्हणालीस आणि पेशंटने दुखतं तिथवर उघडलं, ते धरणार की त्याच्या पुढे थोडं रेटून घेणार? सकाळी मोजणार की व्यायाम झाल्यावर? आणि मोजणार कोण?

ती : मीच.

सर : सुई मारणारी तूच आणि मोजणारीही तूच! कोणाला काय दिलंय हे माहीत असलेल्या हाताने व्हर्नियर लावला, तर एखादा मिलिमीटर प्रेमाने वाढतो. आता सांग, तुझं माप आणि तुझ्या मैत्रिणीचं माप यांत एकाच पेशंटवर, एकाच सकाळी, किती फरक येतो?

ती : कधी बघितलं नाही. एक-दोन मिलिमीटर येत असेल.

सर : तीन आला तर?

ती : तर... मी शोधत होते तो फरक माझ्या मापाच्या चुकीतच बुडाला.

सर : हा घे तुझा प्रश्न.

ती : माप हाच विषय? सर, हे फारच लहान वाटतं. परीक्षक म्हणतील उपचार कुठे आहे. कॉन्फरन्समध्ये कोणी पोस्टरपाशी थांबणार नाही.

सर : मोठा करून बघ ना. पेशंटला घरी व्यायामाला काय देता तुम्ही?

ती : आइस्क्रीमच्या काड्या. दातांत बसतील तितक्या एकावर एक ठेवायच्या, जमलं की एक वाढवायची. कितीतरी पेशंट आपणहून येऊन सांगतात, 'मॅडम, मागच्या खेपी सोळा जात होत्या, आता अठरा जाते.'... सर, थांबा. म्हणजे पेशंटच मोजून राहिलाय. त्याच्या काड्यांचा आकडा माझ्या व्हर्नियरशी जुळत असेल, तर वेचणीच्या दिवसांत तो एसटीने यायचीच गरज नाही! फोनवर आकडा सांगेल.

सर : मी काही बोललो नाही.

ती : एकाच कारखान्याच्या काड्या घ्याव्या लागतील, जाडी सारखी पाहिजे. ओल्या झाल्या की फुगतात, तेही बघावं लागेल. दोन तपासनीस, एकमेकींचा आकडा न बघता. कमी उघडणारे, मध्यम, बरं उघडणारे, सगळे पाहिजेत. नाहीतर १५ ते २५ मिलिमीटरवाल्यांत जुळलं आणि बाकीच्यांत नाही, हे कळणारच नाही. सगळं एका भेटीत! फॉलोअपच नाही.

सर : किती पेशंट लागतील?

ती : तीस नाही म्हणणार मी. किती मिलिमीटरपर्यंतची तफावत चालेल ते आधी ठरवते आणि मग संख्याशास्त्राच्या मॅडमकडे जाते.

सर : आराखडा पक्का व्हायच्या आधी जा. लोक सगळा डेटा गोळा करून, पेनड्राइव्ह घेऊन जातात त्यांच्याकडे.

ती : पण उपचाराचा अभ्यास मला सोडायचा नाही. कधीतरी करायचाच आहे. एक आड एक पेशंट वाटून...

सर : एक आड एक? मग पुढचा पेशंट कोणत्या गटात ते तुला दार उघडायच्या आधीच माहीत. ज्याचं तोंड अगदी बंद आहे त्याला 'उद्या या' म्हणशील, आणि उद्या त्याचा नंबर इंजेक्शनवर येईल. मुद्दाम करणार नाहीस, पण होईल. वाटणी दुसऱ्याने आधी करून न दिसणाऱ्या बंद पाकिटांत ठेवायची, आणि पेशंटने सही केल्यावर पाकीट फोडायचं. शिवाय सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी. ती सोय २००७ पासून आहे. एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधी नोंदवलं तरच घेतात, नंतर नाही. विद्यार्थ्याचा प्रबंध म्हणून सुटका नाही.

ती : तेवढ्यासाठी कागदी घोडे किती!

सर : कागदी नाहीत ते. आधी लिहून ठेवलं नाहीस, तर सहा महिन्यांनी तोंड उघडण्यात फरक दिसला नाही म्हणून तू जळजळ मोजशील. तीही नाही तर जिभेची हालचाल. दहा गोष्टी मोजल्यावर एखादी लागतेच. मग तीच शीर्षकात येते.

ती : आणि खर्रा? पेशंटने मध्येच सोडला तर बरं वाटलं ते गोळीमुळे की खर्रा सोडल्यामुळे? राज्यात २०१२ ला गुटखाबंदी आली. सुपारी कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच छापून सांगितलं. पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळायचा थांबला नाही. आणि पेशंट आमच्यासमोर 'सोडला' असंच म्हणतो.

सर : हा प्रश्न तू आराखड्यात लिहिलास का?

ती : नाही. निकषांत फक्त 'सवय सोडलेले' एवढं लिहिलंय.

सर : म्हणजे आपल्याला जे ऐकायचंय ते सांगणारे. बघ, किती गोष्टी तुला आधीच माहीत होत्या. काढणी, काड्या, खर्रा. सिनॉप्सिसमध्ये यातली एकही नव्हती. तिथं परदेशी पेपरांतली वाक्यं होती.

ती : सिनॉप्सिसची भाषाच तशी असते, सर.

सर : आणि संमतीपत्राची?

ती : मराठीतच आहे. 'सदर संशोधनामध्ये आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून...'

सर : देवळीच्या मजुराला वाचून दाखव.

ती : दाखवलं होतं, परवा एकाला. सराव म्हणून, सहीसाठी नाही. दोन गट, एक आड एक पेशंट कसे वाटणार, सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मॅडम, कोणतं औषध चांगलं हाय ते तुमालेच मालूम नाही, तं मंग देता काहून?'

सर : काय सांगितलंस?

ती : काहीच सुचलं नाही. हसले.

सर : अख्ख्या एथिक्स कमिटीत इतका नेमका प्रश्न कोणी विचारणार नाही. 'मालूम नाही' हीच तर परवानगी आहे प्रयोग करायची. एक औषध चांगलं आहे हे तुला माहीत असेल, तर दुसरं देणं पाप. माहीत नसेल, तर ते माहीत करून घेईल असा आराखडा नसताना देणं, तेही तसंच.

ती : मग त्याला सांगायचं काय?

सर : हेच. 'आम्हाला खरंच माहीत नाही, म्हणून नीट मोजून बघतोय. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचा इलाज थांबणार नाही.' आणि त्याला वाचता येत नसेल, तर ज्याचा या कामाशी संबंध नाही असा साक्षीदार बसवायचा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे ते. गावाकडचा माणूस डॉक्टरला नाही म्हणत नाही बेटा. त्याच्या होकारावर फार विसंबू नकोस.

ती : पण सर, माझा मुद्दा तसाच आहे. मी काड्या मोजीन, पुढची पोरगी आणखी काहीतरी नवं शीर्षक शोधेल. माझ्या मोजलेल्याचा उपयोग कोण करणार?

सर : तुझ्या गाइडला सांग.

ती : तुम्ही सांगा ना. मी पहिल्या वर्षाची आहे.

सरांनी सांगितलं की नाही, हे कल्पित संवादात ठरवण्यात अर्थ नाही. म्हणून इथं थेट मार्गदर्शकांनाच विनंती करतो. पुढच्या बॅचला नवं शीर्षक शोधायला लावण्याआधी मागच्या विद्यार्थिनीच्या हातात उरलेला प्रश्न द्या, तिची नोंदवही आणि मापाची पद्धत द्या. आणि या वर्षी सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी शीर्षक टाइप करण्याआधी विभागाचं मागच्या वर्षाचं ओपीडी रजिस्टर काढावं, आपल्या निकषात बसणारे पेशंट महिनावार मोजावेत आणि त्यातले किती पुन्हा आले तेही मोजावं. एका दुपारचं काम आहे.